डाव्या डोळ्याचं पाठांतर

माझा उजवा डोळा झाकला की आमचं घर नाहीसं व्हायचं. भिंत, भिंतीवरचं कॅलेंडर, ओट्याशी उभी असलेली आई, तिच्या साडीचा काठ, सगळं एकमेकांत मिसळून जायचं. रंग राहायचे, कडा जायच्या. हे मला कळलं तेव्हा मी दुसरीत होते आणि कळायला कारण झालं ते पीठ. हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावात आम्ही ज्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो त्यांच्या मागच्या भिंतीला लागूनच गिरणी होती. सकाळी नऊला पट्टा चढला की भिंत थरथरायला लागायची आणि मांडणीवरची ताटं एकमेकांना हलकेच लागून दिवसभर किणकिणत राहायची. त्या आवाजाची इतकी सवय होती की वीज गेली आणि गिरणी थांबली की आम्ही तिघंही बोलता बोलता थांबून एकमेकांकडे बघायचो. पीठ सगळीकडे असायचं. खिडकीच्या गजांवर, वाळत घातलेल्या युनिफॉर्मवर, माझ्या वेणीत. एकदा खिडकीपाशी उभी राहून मी दात घासत होते तेव्हा ते उजव्या डोळ्यात गेलं. मी तो घट्ट मिटला आणि डाव्या डोळ्यानं आईला हाक मारायला वळले, तर आई नव्हतीच. म्हणजे होती. "काय झालं गं?" असा तिचा आवाज त्या पिवळसर डागातूनच आला.

मी घाबरले नाही. लहान मुलाला आपलं आहे तेच सगळ्यांचं आहे असं वाटतं. उजवा हात लिहिणारा, डावा नुसता धरणारा. तसा उजवा डोळा बघणारा आणि डावा नुसता सोबतीला, असा हिशोब मी मनाशी करून टाकला. पुढं बरेच दिवस हा माझा खेळ होता. अंथरुणात पडल्या पडल्या उजवा डोळा झाकायचा, घर घालवायचं; उघडायचा, घर परत आणायचं. खेळ संपला तो शाळेत. माझ्या बेंचवरच्या मुलीला मी सहज विचारलं की तुझा डावा डोळा बघतो का, आणि तिनं लगेच उजव्यावर हात ठेवून फळ्यावरची सगळी स्पेलिंगं वाचून दाखवली. वर विचारलं, "का? तुझा नाही बघत?" मी म्हटलं, "बघतो की." त्या दिवशी खेळ थांबला आणि गुपित सुरू झालं.

गुपित का ठेवलं, हे आज सांगायला बसले की फार किरकोळ वाटतं. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. साखरा गावाच्या पलीकडच्या एका वस्तीवर तिची शाळा होती, चार वर्ग, दोन शिक्षक. आणि मी मात्र गोरेगावच्या इंग्लिश मीडियमला, टाय लावून, पिवळ्या गाडीतून जाणारी. हे गावाला दिसत होतं. कुणीतरी पालक आईला विचारायचेच, "मॅडम, आमची लेकरं तुमच्या हाताखाली अन् तुमची लेक टायवाल्या शाळेत व्हय?" आई तिथं हसायची. घरी आली की माझी वही मागायची. मी पहिली यायचे, दरवर्षी, आणि ते तिचं उत्तर होतं. सासरच्यांना, गावाला, बहुतेक स्वतःलाही. घरात प्रत्येकाकडे एक काम असतं तसं हुशार असणं हे काम माझ्याकडे होतं. त्यात खराब डोळा बसत नव्हता. माझी ठाम समजूत होती की डोळ्याचं कळलं तर आई मला टायवाल्या शाळेतून काढील, पैसे वाया गेले म्हणेल, आणि मग गावाला ती काय सांगणार? कुणी मला असं म्हटलं नव्हतं. मीच ते तयार केलं आणि मीच ते पाळलं.

उजव्या डोळ्याला स्वच्छ दिसायचं, त्यामुळे अभ्यासाचं काही अडत नव्हतं. अडायचं ते भलतीकडेच. मी पेल्यात पाणी ओतायला गेले की ते पेल्याच्या शेजारी पडायचं. अंगणात कुणी चेंडू फेकला की माझे हात आधी किंवा नंतर मिटायचे, नेमके कधीच नाहीत. शेवटची पायरी मला कायम एक इंच खाली किंवा वर सापडायची. आई म्हणायची, "किती वेंधळी गं तू, माय! ध्यान कुठं राहून राहिलं तुझं?" पप्पांचं बियाण्यांचं दुकान होतं, कृषी केंद्र. ते म्हणायचे, "डोकं आहे ना तिला, हातपाय काय करायचेत." मी वेंधळी म्हणून नावारूपाला आले आणि ते मला सोयीचंच होतं. वेंधळेपणाला कुणी डॉक्टरकडे नेत नाही.

(मी तिला मम्मी म्हणायचे. आमच्या शाळेतल्या सगळ्याच मुली म्हणायच्या. लिहायला बसलं की मात्र आईच येतं, त्यामुळे इथं आईच असू दे.)

मी दुसरीत होते त्याच वर्षी दिवाळीनंतर आई सेनगावला एका दिवसाच्या ट्रेनिंगला गेली. तिथून ती पिशवीत एक लांबट पुठ्ठा आणि एक छापील पुस्तिका घेऊन आली. शाळेतल्या मुलांचे डोळे आता त्यांच्या शिक्षकांनीच आधी तपासायचे होते. ज्यांना दिसत नाही त्यांची नावं लिहून द्यायची आणि मग ती मुलं हिंगोलीला डॉक्टरकडे न्यायची. पुठ्ठ्यावर एकाच ओळीत चार काळे इंग्रजी ई होते, आडवे, उभे, उलटे, प्रत्येकाचं तोंड वेगळ्या दिशेला. मुलानं सहा मीटरवर उभं राहायचं, एक डोळा झाकायचा, आणि ईचे पाय कुठल्या बाजूला आहेत ते हातानं दाखवायचं किंवा सांगायचं. मला तो पुठ्ठा फार आवडला. वस्तीवरच्या मुलांना इंग्रजी येत नाही, ती याला ई म्हणणार नाहीत, मला मात्र येतं, हा विचार तेव्हा माझ्या मनात आला होता हे कबूल करायला हवं.

आईला कुठलीही गोष्ट वर्गात करण्याआधी घरी करून बघायची सवय होती. गणिताच्या काड्या, विज्ञानाचा फुगा, सगळं आधी आमच्या ओट्यावर व्हायचं. त्या संध्याकाळी पप्पांनी दुकानातल्या टेपनं सहा मीटर सुतळी मोजून आणली. आमच्या खोल्यांत सहा मीटर मावेनात. शेवटी पप्पा स्वयंपाकघराच्या पलीकडच्या भिंतीला पुठ्ठा धरून उभे राहिले, सुतळी मधल्या दारातून, बाहेरच्या खोलीतून ओसरीपर्यंत आली आणि ओसरीवर मी. गॅसवर तुरीच्या शेंगा उकडत होत्या. त्यांचा तो हिरवा, मिठाचा वास मधूनच वाफेबरोबर यायचा आणि वाफ पप्पांच्या अंगावरून जायची.

"हलवू नका ना हो," आई ओरडली. "सरळ धरा."

"अगं, इथं वाफ बसून राहिली माझ्या हाताला. आधी माझाच हात तपास."

"तुमचा डोळा तपासते नंतर. पेनानं एकेक दाखवा, डावीकडून."

आईनं माझ्या डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला. पप्पांनी एकेका ईखाली पेन धरला आणि मी सांगत गेले, उजवीकडे, वर, डावीकडे, खाली. मग आईनं हात बदलला. उजवा डोळा झाकला गेला आणि पप्पा, पेन, पुठ्ठा, स्वयंपाकघर सगळं गेलं. मला चांगलं आठवतं, त्या क्षणी सांगून टाकावं असं वाटलं होतं. दिसत नाही एवढंच म्हणायचं होतं. पण आमच्या शाळेत सगळं पाठ करून घ्यायचे, कविता, स्पेलिंग, पाहुण्यांपुढं म्हणायचं स्वागत, आणि बाईंनी छडी उचलली की तोंड आपोआप सुरू व्हायचं. पप्पांचा आवाज आला, "हं, हा?" आणि तोंड सुरू झालं. उजवीकडे, वर, डावीकडे, खाली. खोटं बोलले असं मला वाटलंच नाही. पाठ होतं ते म्हणून दाखवलं.

"शाब्बास! पोरगी पास," पप्पा म्हणाले. मग आम्ही शेंगा खाल्ल्या. सालींचा मोठा ढीग झाला. मला त्या रात्री जेवण गेलं नाही, पण शेंगा खाल्ल्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही.

आठवड्याभरात आमच्या शाळेचं गॅदरिंग झालं आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी मिळाली. पप्पांना माल आणायला जायचं होतं. घरी एकटी कशी ठेवायची म्हणून आईनं मला स्कूटीवर मागं बसवलं आणि शाळेत नेलं. आई डोळ्यांची तपासणी त्याच दिवशी करणार होती, हे मला रस्त्यात कळलं, पुठ्ठ्याची पिशवी आमच्या दोघींच्या मध्ये टोचायला लागली तेव्हा. दोन्ही बाजूंना तूर उभी होती, कापूस वेचणाऱ्या बाया माना वर करून आईला हाका मारत होत्या. मला त्यातलं काही नीट बघवत नव्हतं. पण मी स्वतःला समजावलं की तिथं तपासणी त्या मुलांची आहे. मी त्या शाळेची नाहीच.

शाळा म्हणजे दोन खोल्या, पुढं लांब ओसरी, आणि कडेला पत्र्याच्या शेडमध्ये खिचडीचं पातेलं. मुलं मला बघायला गोळा झाली. सोनी नावाची तिसरीतली एक मुलगी सगळ्यांच्या पुढं आली, कमरेवर हात ठेवून.

"तू मॅडमची का गं?"

मी मान हलवली.

"विंग्रजी बोलून दाखव ना."

मी आईच्या स्कूटीकडे बघितलं.

"न्हाई येत व्हय?" ती मागं वळून म्हणाली, "हिला मराठीबी न्हाई येत."

ओसरीच्या एका टोकाला पांढऱ्या चुन्याच्या भिंतीवर दोन खिळे ठोकून त्यावर पुठ्ठा टेकवलेला होता आणि त्याच्या शेजारी स्टुलावर शेख सर बसले होते. शेख सर म्हणजे त्या शाळेतले दुसरे शिक्षक, आईपेक्षा बरेच मोठे, सडपातळ, कायम हळू बोलणारे. त्यांच्या हातात लांब पेन्सिल होती. दुसऱ्या टोकाला, सुतळीच्या अंतरावर, आई रजिस्टर घेऊन उभी होती आणि मुलांची रांग तिथून अंगणात उतरून गेली होती. वस्तीवरच्या मुलांनी त्या ईचं नाव फणी ठेवलं होतं. फणीचे दात कुठं, असं आई विचारायची आणि मुलं हात करायची.

पण अडचण लवकरच कळली. या मुलांना परीक्षा माहीत होती, तपासणी माहीत नव्हती. जे आधी झाले ते रांगेतल्यांना सांगत होते. "पहिलं तिकडं, मग वर," अशी कुजबूज मागं सरकत होती. एका मुलानं तर सरांनी पेन्सिल उचलण्याआधीच चारी दिशा दाखवून टाकल्या आणि पळाला.

"अरे, ही परीक्षा न्हाई रे बाबांनो," शेख सर म्हणाले. "इथं नापास झालं तर फायदा आहे. चष्मा मिळतो, हिंगोली बघायला मिळते. पास होऊन काय मिळनार? खिचडी. ती तशीबी मिळतेच."

मुलं हसली, पण सांगायची थांबली नाहीत. मग सरांनी एक युक्ती केली. पहिला डोळा झाला की पुठ्ठा उचलायचा, अर्धा फिरवायचा आणि खिळ्यांवर परत ठेवायचा. उलटा केला की चारी फण्यांची तोंडं बदलायची आणि क्रमही. ओसरीवर खसखस पिकली. त्यानंतर मुलांना खरंच बघावं लागलं आणि कुजबूज आपोआप विझली. मी तेव्हा शेडजवळ खिचडी ढवळणाऱ्या काकूंपाशी जाऊन उभी होते. हसू ऐकू आलं, कशाचं ते मी पाहिलं नाही. हे मी पुढं कितीदा मनाशी घोळवलं आहे. तेवढं एक बघितलं असतं तर मी नवा क्रमही पाठ केला असता, आणि माझा डावा डोळा आज नसता.

पहिलीतली एक लहानशी मुलगी रडायला लागली. डोळ्यात औषध घालतील म्हणून तिनं दोन्ही डोळे गच्च मिटून घेतले आणि आईच्या साडीला धरून बसली. आईनं इकडे तिकडे बघितलं आणि मला हाक मारली. "प्राजू, ये बरं इकडं. हे बघ बाळा, ही माझी पोरगी आहे. आधी हिचं करू. काही दुखते का ते तिलाच इचार मग."

मी गेले. नाही म्हणता आलं असतं, पण सगळी ओसरी बघत होती. आईच्या तळहाताला खडूचा वास होता. डावा डोळा झाकला, उजव्यानं मी चारी फण्या स्वच्छ सांगितल्या, घरच्याच क्रमानं, आणि जरा धीर आला. मग आईचा हात उजव्या डोळ्यावर आला. समोर पांढरं झालं. भिंत, पुठ्ठा, सर, सगळ्यांचं मिळून एक पांढरं, त्यात एक करडा डाग हलला आणि थांबला. ते सर पुठ्ठा फिरवत होते.

"हं बेटा, ही?"

मी धाडधाड म्हणून टाकलं. उजवीकडे, वर, डावीकडे, खाली. पेन्सिल पुढं सरकायची वाटही बघितली नाही. आईसमोर, आईच्या मुलांसमोर मला उशीर करायचा नव्हता.

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सोनीचा आवाज, "मॅडम, ही समदं उलटं सांगून राहिली!" आणि अख्खी रांग हसली.

"गप बसा," आई म्हणाली. तिच्या आवाजात अजून काही नव्हतं, मी घाई केली असंच तिला वाटलं असावं. "प्राजू, नीट बघून सांग. वेंधळेपणा करू नको."

"सावकाश बेटा," सर म्हणाले. "पहिली फणी. दात कुठं?"

"उजवीकडे."

"बरं. दुसरी?"

"वर."

हसू परत आलं. तो करडा डाग पुन्हा हलला. पेन्सिलीचा भिंतीवर टक् असा आवाज आला.

"अन् ही, बेटा?"

"डावीकडे," मी म्हटलं. टक्. "खाली."

या वेळी कुणी हसलं नाही. खिचडीच्या पातेल्यावर पळी आपटल्याचा आवाज तेवढा आला. माझ्या उजव्या डोळ्यावरचा आईचा हात एकदम गार पडला आणि मग तो बाजूला झाला. मला दिसलं. शेख सर स्टुलावरून उठून उभे होते, एका हातात पेन्सिल भिंतीला टेकवलेली. दुसरा हात पाठीमागं होता आणि त्यात पुठ्ठा होता. भिंतीवर नुसते दोन खिळे होते.

मला लाज वाटली, ती अशी की अजूनही, हे लिहिताना, कान तापतात. पण लाजेच्या खाली आणखी एक काहीतरी होतं आणि ते काय हे समजायला मला बरीच वर्षं लागली. जड दप्तर कुणीतरी मागून उचलून धरावं तसं ते होतं. अजून काढलं नव्हतं, नुसतं उचलून धरलं होतं.

सर हळूच म्हणाले, "मॅडम, तुमी बसा जरा. बाकीचं मी करतो."

"न्हाई सर," आई म्हणाली. "रांग राहिली ना."

आणि तिनं ती रांग पूर्ण केली. एकेक मूल पुढं घेतलं, हात ठेवला, हात बदलला, रजिस्टरमध्ये खूण केली. ती पहिलीतली मुलगीसुद्धा झाली. तिला माझी इतकी दया आली होती की ती रडायचंच विसरली. मी स्टुलाजवळ खाली बसून होते. सोनी आली आणि न बोलता माझ्या शेजारी बसली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "मला वाटलं तू मज्जाक करून राहिली." मग तिनं स्वतःच्या थाळीतली खिचडी माझ्यापुढं सरकवली. त्या दिवशी दिसत नसलेल्या मुलांमध्ये वस्तीवरची दोन नावं निघाली. तिसरं नाव लिहिताना आईचा पेन थांबला, कारण छापील कागदावर शाळेचं नाव एकच होतं आणि मी त्या शाळेची नव्हते. आमच्या टायवाल्या शाळेत ही तपासणी आलीच नव्हती.

"लिहा हो मॅडम," सर म्हणाले. "कागद इचारल तवा बघू."

परत येताना अर्ध्या रस्त्यात आईनं स्कूटी थांबवली. एका कडुलिंबाखाली उभी केली, मला उतरवलं, आणि माझा चेहरा दोन्ही हातांत धरून डोळ्यात बघत राहिली. बाहेरून काही दिसत नव्हतं, दोन्ही डोळे सारखेच होते.

"कवापासून?"

"माहीत नाही. आधीपासून."

"काहून सांगितलं न्हाई, माय?"

मी एकदम सगळं बोलले, शाळेतून काढशील, पैसे वाया जातील, गावात लोक तुला म्हणतील. ती ऐकत गेली आणि तिचा चेहरा विचित्र होत गेला.

"कोन म्हणलं तुला असं?"

"कुणी नाही."

"मी म्हणले का? तुझे पप्पा म्हणले?"

"नाही."

"मग?" ती म्हणाली. रस्त्याच्या कडेला खाली बसली, तशीच, साडीनिशी धुळीत. एक जीप हॉर्न देत गेली, आतल्या कुणीतरी विचारलं, मॅडम, गाडी बंद पडली का. आईनं हातानं जा म्हटलं. मग ती रडली. मी तिला तोवर रडताना बघितलं नव्हतं. "सगळ्या गावाच्या लेकरांचे डोळे बघून राहिले मी," ती म्हणाली, "अन् तू माझ्यासमोर पाणी सांडून राहिली रोज. रोज गं!" मला ती रागावलेली नाही हे कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा मला एवढं हलकं वाटलं की मला भूकच लागली. मी तसं सांगितलं. ती रडता रडता हसली आणि डब्यातली उरलेली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आम्ही तिथंच बसून खाल्ली.

हिंगोलीला आम्ही जीपमधून गेलो, वस्तीवरची दोन मुलं, त्यांचे वडील, शेख सर, आई आणि मी. डॉक्टरबाईंनी खूप वेळ लावला. थेंब घातले, उजेड मारला, काचा बदलल्या. मग त्यांनी आईला समजावलं की डोळा आतून चांगला आहे, फक्त नंबर मोठा आहे. एका डोळ्याला स्पष्ट दिसत असल्यामुळे मेंदूनं दुसऱ्याकडे बघणंच सोडून दिलं आहे. आईनं विचारलं, "आता?" डॉक्टरबाई म्हणाल्या, "आता वेळेत आणलंत. आणखी दोन-तीन वर्षं गेली असती तर मी फार काही करू शकले नसते." आईनं भिंतीला हात टेकवला. बाहेर शेख सर बाकावर बसले होते, त्यांना तिनं दारातूनच सांगितलं, "वेळ आहे म्हणल्या, सर." सरांनी नुसते डोळे मिटले आणि परत उघडले.

चष्मा आला आणि चष्म्याखाली उजव्या डोळ्यावर चिकटवायची पट्टी आली. चांगला डोळा बंद ठेवायचा आणि आळशाला कामाला लावायचं, रोज काही तास. हे सांगायला सोपं आहे. मला ते दिवस आठवतात ते चिडचिडीचे. घर परत नाहीसं झालं, आणि या वेळी हात काढून ते परत आणायची सोय नव्हती. संध्याकाळी आई माझ्यापुढं परात ठेवायची, तांदूळ निवडायला. मी रडायचे, खडे सोडून तांदूळच फेकायचे, पट्टीची कड उचकटून बघायचे. ती पट्टी परत दाबायची. "दिसते तेवढंच निवड. न्हाई दिसलं तर न्हाई म्हण." हे वाक्य मी त्या काळात इतक्या वेळा ऐकलं! एकदा पप्पा स्वतःच्या डोळ्यावर पट्टी लावून माझ्या शेजारी बसले आणि दोघांत जास्त खडे कोण काढतं याची पैज लावली. ते हरले आणि त्या भातात दातांखाली खडे आले. शाळेत मुलांनी पायरेट म्हटलं. थोडे दिवस. मग आई एका शनिवारी दुपारी आमच्या प्रिन्सिपल मॅडमकडे गेली, पुठ्ठा आणि सुतळी घेऊन. काय बोलणं झालं मला माहीत नाही. पण पुढच्या आठवड्यात आमच्या कॉरिडॉरमध्ये रांग लागली आणि पुठ्ठ्यापाशी आई होती. फिरवत होती, प्रत्येक वेळी. त्या रांगेतून निघालेल्या दोघांना चष्मे लागले, त्यातली एक माझ्या बेंचवरची ती मुलगी. तिचा डावा नव्हे, दोन्ही; फळ्यावरची ती स्पेलिंगं तिनंही पाठच म्हटली असणार. मग पायरेट बंद झालं.

मध्ये आम्ही हिंगोलीला जाऊन येत राहिलो. प्रत्येक वेळी थोडं, इतकं थोडं की मला ते कळायचं नाही, आईला कळायचं. परातीतला हिरवा मूग मला आधी डाग होता, मग ठिपके झाला, मग एक दिवस मी एक दाणा उचलला आणि तो नेमका बोटांत आला. ते मी कुणाला सांगितलं नाही. आईनं पाहिलं होतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही पुन्हा गेलो तेव्हा डॉक्टरबाईंनी समोरच्या आरशातला तक्ता लावला. अक्षरांचा, खाली खाली बारीक होत जाणारा. आधी उजवा डोळा. मी वरपासून शेवटपर्यंत वाचला. मग उजवा झाकला. पहिलं मोठं अक्षर, दुसरी ओळ, तिसरी. अक्षरं फिकी होती, थोडी थरथरत होती, पण त्यांना कडा होत्या. चौथी ओळ मी अडखळत वाचली. माझ्या मागं स्टुलावर आई बसली होती. तिची पिशवी मांडीवर होती आणि ती पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळत होती, त्याचा आवाज येत होता.

"पुढची?" डॉक्टरबाई म्हणाल्या.

पाचवी ओळ मला माहीत होती. दोन मिनिटांपूर्वीच उजव्या डोळ्यानं वाचलेली, पाच अक्षरं, ओळीनं जिभेवर येऊन बसली होती. समोर होता तो नुसता करडा पट्टा. बंदाचा आवाज थांबला.

"दिसत नाही," मी म्हटलं.

डॉक्टरबाई बरं म्हणाल्या आणि काहीतरी लिहायला लागल्या. मागं स्टूल सरकलं.

"न्हाई म्हणली!" आई मोठ्यानं म्हणाली. ती उभी राहिली होती आणि तिचा आवाज हसण्यानं फुटत होता. "ऐकलं का डॉक्टर, न्हाई म्हणली ती!"

डॉक्टरबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. लेकीला एक ओळ वाचता आली नाही, तर ही बाई एवढी खूश का झाली, हे त्यांना काही केल्या कळेना.